पोस्टरवरचे हात

टीपताईच्या डाव्या हाताची करंगळी बाहेरच्या बाजूला वळलेली होती. कुणी विचारलं तर ती "दारात सापडली" एवढंच सांगायची, आणि ते खोटंही नव्हतं. फक्त ते दार तिच्या नवऱ्याने लावलं होतं. ती न्हाणीघरातून बाहेर येत होती, हात चौकटीवर होता. त्याने आधी तिच्या तोंडाकडे पाहिलं, मग हाताकडे पाहिलं, आणि मग दार ओढलं. भांडण कशावरून पेटलं होतं हे ती पुढे विसरून गेली. हाताकडे बघतानाची त्याची नजर मात्र तिच्या डोक्यातून कधी गेली नाही.

नवऱ्याचं हमरस्त्याला लागून टायरचं दुकान होतं. दिवसभर पहारीने रिंगवरून टायर उतरवून त्याचे दंड असे झाले होते की सदऱ्याच्या बाह्या उसवायच्या. गावात माणूस लाखमोलाचा. कुणाची गाडी आडरानात बसली की हा हातातला घास टाकून जाणार, एखाद्या म्हाताऱ्याला फुकट हवा भरून देणार. घरात पाऊल टाकलं की तोच माणूस वेगळा व्हायचा. सुरुवातीला थपडा होत्या. मग कमरेचा पट्टा आला. मग दुकानातून कापून आणलेली ट्यूबची पट्टी, कारण तिचा वळ लवकर जातो हे त्याला अनुभवाने कळलं होतं. मारायला सुरुवात झाली की सासू टीव्हीचा आवाज वाढवायची. शेजाऱ्यांना टीव्हीच्या आवाजावरूनच समजायचं.

हे सगळं तिने गिळलं. पण एका दुपारी त्याने लेकीला उचलून कपाटावर फेकलं. पोरीने त्याच्या मोबाइलवर पाणी सांडलं होतं. कपाटाच्या कडेने तिची भुवई फाटली, आणि रक्त बघून टीपताईने ओट्यावरचं जड पातेलं उचललं आणि नवऱ्याच्या डोक्यात घातलं. लग्नानंतर पहिल्यांदा तिचा हात उठला होता. तो दोन पावलं मागे गेला, डोकं चोळलं, आणि मग दोन्ही हातांनी तिचा गळा धरला. पुढचं तिला आठवत नाही.

शुद्ध आली तेव्हा नणंद तिच्या तोंडावर पाणी मारत होती. नणंद औषधांच्या दुकानात बिलं करायची, लग्न झालेलं नव्हतं, भावाला ती स्वतःही टरकून असायची. नवरा दुकानावर परत गेला होता. नणंदेने एका पिशवीत पोरीचे कपडे कोंबले होते.

"वहिनी, ऊठ," ती म्हणाली. "आज उठलीस तर वाचशील. पुढच्या वेळी मी पाणी मारत बसेन आणि तू उठणार नाहीस."

"तुला मारेल तो."

"मारू दे. मी सांगेन, मी घरातच नव्हते."

नणंदेने दोघींना बसमध्ये बसवलं आणि बस हलायच्या आत पाठ फिरवून निघून गेली. मागे वळून बघितलं असतं तर कदाचित तिचाही धीर सुटला असता.

मोठ्या शहरात टीपताईचं कुणी नव्हतं. बंद पडलेल्या एका सिनेमागृहाच्या मागच्या छपराखाली ती लेकीला घेऊन राहिली. तिथेही मारामारी होतीच, फक्त माणसं अनोळखी. एका संध्याकाळी एक दारुडा लेकीचं पांघरूण ओढायला लागला तेव्हा तिने त्याच्या कानाला चावा घेतला आणि तो किंचाळत पळेपर्यंत सोडला नाही. तोंडातलं रक्त थुंकताना तिला स्वतःचीच भीती वाटली. दुसऱ्या दिवशी सकाळी एका फुलवालीने तिला 'निवारा'चा पत्ता सांगितला.

निवारा ही ख्रिस्ती लोकांनी बेघरांसाठी चालवलेली संस्था. जुन्या साबणाच्या गोदामात तिचं बिऱ्हाड. भिंतींना अजून साबणाचा वास यायचा, त्यामुळे आलेल्या माणसाला अंघोळीआधीच स्वच्छ वाटायचं असा तिथला एक विनोद होता. फाटकावर पहेलवान बसायचा. कान चुरगळलेले, मान खांद्यात रुतलेली. पूर्वी कुस्त्या मारायचा, मग माणसं मारायला लागला, मग तुरुंगात गेला आणि सुटल्यावर इथे आला तो इथलाच झाला. सुईला मात्र इतका भ्यायचा की डॉक्टर आले की फाटक सोडून गच्चीवर जायचा. संस्थेचे पाळक, म्हणजे तिथले धर्मगुरू, सडपातळ, दम्याचे, बोलता बोलता खोकणारे. पहिल्या दिवशी त्यांनी टीपताईला एकच प्रश्न विचारला.

"इथे तुझ्या मागावर कुणी येईल का?"

"येईल," ती म्हणाली.

पाळकांनी पहेलवानाला हाक मारून तिचा चेहरा नीट दाखवला. "हिला विचारत कुणी आलं तर ही इथे नाही," ते म्हणाले.

तिला शिवण येत होतं. वरच्या मजल्यावर शिवणखोली होती, तिथे चार मशीन होती. चादरी, अभ्रे, अंगरखे, सगळं तिथेच शिवलं जायचं. ती मशीनवर बसली की सरळ टीप मारत जायची, मान वर करायची नाही, बोलायची त्याहून कमी. म्हणून बायका तिला टीपताई म्हणायला लागल्या. खोलीत कुणी धागा पळवला की त्याची टीपही हळूच तीच द्यायची, तेव्हा नाव दोन्हीकडून बसलं.

निवाऱ्याचं एक जुनं चिन्ह होतं. मोठा काळा क्रूस आणि त्याच्याखाली पाठीत वाकलेला, काठी टेकणारा, खांद्यावर गाठोडं घेतलेला एक म्हातारा. फार वर्षांपूर्वीच्या कुणा पाळकांनी ते काढलं होतं. फाटकावर, गाडीवर, ताटांच्या तळाला, घोंगड्यांच्या कोपऱ्यात, सगळीकडे हा म्हातारा. कामाच्या शोधात बाहेर पडलेल्या लोकांच्या हातात निवाऱ्याची पिशवी असली की रखवालदार पिशवी बघूनच हाकलायचे. एकाला तर त्या पिशवीवरून चोर समजून भाजी मंडईत बडवलं होतं. त्याच्या तीन बरगड्या मोडल्या. तो प्रकार झाल्यावर पाळकांनी मनावर घेतलं आणि संस्थेचं रूप बदलायचं ठरलं. नवं चिन्ह, नवे रंग, नवी पाटी, नवी पोस्टरं.

त्यासाठी एक डिझायनर मुलगी आली. केस आखूड, हातात सदा पेन्सिल. ती आठवडाभर लोकांत मिसळली, त्यांच्याबरोबर जेवली, आणि मग जेवणघराच्या भिंतीवर तिने आपलं काम दाखवलं. पिवळ्या रंगावर अर्धवट उघडं दार. दाराची फट आणि वरची आडवी चौकट यांच्या उजेडातून क्रूस तयार होत होता. म्हातारा गायब.

खजिनदार बँकेतून निवृत्त झालेले गृहस्थ, शिस्तीचे. ते म्हणाले, "क्रूस फार लहान झाला."

"क्रूस लहान झाला तरी तो दिसतोय," पाळक म्हणाले. "मला दाराचं आवडलं."

मग डिझायनरने लोकांना विचारलं. कोपऱ्यातला ड्रायव्हर उभा राहिला. पूर्वी ट्रक चालवायचा, हात थरथरायला लागले म्हणून काम गेलं. "म्हाताऱ्याला का काढलंत?" तो म्हणाला. "माझा बाप याच घोंगडीत मेला. शेवटी डोळ्यासमोर हा म्हातारा होता त्याच्या. तुम्ही कोण त्याला हाकलणार?"

"मग तू मिरव ना त्याला," पलीकडून हमाल म्हणाला. बरगड्या मोडलेला तो हाच. "माझ्या पाठीवर भिकाऱ्याचं चित्र घेऊन मी नाही फिरणार."

"माझ्या बापाला भिकारी म्हणतोस?"

ताट कुणी फेकलं ते नेमकं कुणाला दिसलं नाही, पण ते गरगरत आलं आणि हमालाच्या कपाळाला लागलं. कपाळ फुटलं. हमालाने बाक उचललं. ड्रायव्हरने काचेचा जग फोडून त्याची दांडी हातात धरली. बायका भिंतीकडे सरल्या, डिझायनर टेबलाखाली गेली. पहेलवान दोघांच्या मध्ये शिरला, बाक खांद्यावर झेलला, ड्रायव्हरचं मनगट पिरगाळून काच खाली पाडली आणि दोघांना बगलेत धरून तसाच उभा राहिला. त्याच्या खांद्यातून रक्त येत होतं. पाळक खोकत खोकत टेबलावर बसले.

"बरं झालं," ते म्हणाले. "निदान चिन्हाकडे सगळ्यांचं लक्ष आहे एवढं तर कळलं."

हमालाला टाके घालायला डॉक्टर आले तेव्हा पहेलवान गच्चीवर पळाला, आणि भांडण हशात विरलं. ठरलं असं की जुन्या घोंगड्यांवरचा म्हातारा कुणी उसवायचा नाही. नव्यावर दार येईल.

दार कापडावर उतरवायचं काम टीपताईकडे आलं. डिझायनर नमुना घेऊन शिवणखोलीत आली. टीपताईने तो बराच वेळ निरखला.

"हे दार उघडतंय की लागतंय?" तिने विचारलं.

"उघडतंय."

"मला लागताना दिसतं," टीपताई म्हणाली, आणि कापड पसरायला लागली. डिझायनरने त्यावर बराच विचार केला, फट थोडी रुंद केली. चित्रात त्याहून जास्त काही होण्यासारखं नव्हतं.

मग पोस्टरांची वेळ आली. पाळकांची सक्त ताकीद होती, निवाऱ्यातल्या कुणाचा चेहरा दिसता कामा नये. डिझायनर म्हणाली, चेहरा नको, हात घेऊ. स्वयंपाक्याचे, माळ्याचे, शिवणाऱ्या बाईचे. पाळकांनी टीपताईला बाजूला घेऊन पुन्हा पुन्हा विचारलं. "नको असेल तर नको म्हण. कुणाला वाईट वाटणार नाही."

पण तिला वाटलं, काढू दे फोटो. आजवर तिचे हात कुणी कौतुकाने पाहिले नव्हते. डिझायनरने खिडकीचा उजेड तिच्या बोटांवर घेतला, मशीनच्या चाकावर एक हात, पिवळ्या कापडावर दुसरा. करंगळी दिसत होती. डिझायनर म्हणाली, "ताई, तुम्हाला नको असेल तर ती मी कापडाखाली लपवते."

"राहू दे," टीपताई म्हणाली. "तीच तर कापड धरते. सरळ बोटांपेक्षा बरी धरते."

पोस्टर झालं. वर दोन हात, खाली ओळ, 'इथे कुणीतरी पुन्हा उभं राहतंय', त्याखाली निवाऱ्याचा पत्ता. डिझायनरने तिला एक प्रत दिली. लेकीने ती पलंगाच्या डोक्याशी चिकटवली आणि येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायला लागली, "हे माझ्या आईचे हात."

पोस्टरं भिंतींवर लागली, दवाखान्यांत लागली, आणि लांब पल्ल्याच्या काही बसगाड्यांच्या बाजूलाही लागली. त्यातली एक गाडी पंक्चर होऊन हमरस्त्यावरच्या टायरच्या दुकानात उभी राहिली. नवरा चाक काढायला उकिडवा बसला. त्याच्या नाकासमोर, चाकाच्या वरच्या पत्र्यावर, तिचे हात होते. नणंदेने पुढे सांगितलं, त्या दिवशी तो घरी आला, हात धुतले, जेवला, कुणाशी एक शब्द भांडला नाही. त्याने आईला एवढंच म्हटलं, "बोट सापडलं." नणंदेला त्याचा अर्थ लागला नाही. लागला तेव्हा उशीर झाला होता.

नव्या पाटीच्या उद्घाटनाला निवाऱ्याने सगळ्यांना बोलावलं होतं. जुनं लोखंडी फाटक जाऊन तिथे काचेचं मोठं दार आलं होतं, त्यावर पिवळं चिन्ह. आत येणाऱ्याला दडपण वाटू नये असा विचार. मदतीला आलेल्यांसाठी दारातल्या टेबलावर पिवळ्या टी-शर्टांचा ढीग होता, ज्याने त्याने आपल्या मापाचा उचलायचा. नवऱ्याने सर्वांत मोठा उचलला. तासभर त्याने खुर्च्या वाहिल्या. एकावेळी सहा सहा खुर्च्या उचलणारा हा माणूस बघून पहेलवानाने त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "अंगात दम आहे बरं का." तो हसला. मग त्याने पाणी वाटणाऱ्या बाईला विचारलं, "शिवणखोली कुठाय? तिथून कापड आणायला सांगितलंय."

लेक शाळेत होती. बाकीच्या बायका खाली मांडवात होत्या. टीपताई एकटीच वर कापडी फलकाची कड दुमडत होती, खाली भाषणं चालली होती आणि खोलीत इस्त्री तापत होती. दार वाजलं तेव्हा तिला आधी फक्त पिवळा टी-शर्ट दिसला, म्हणून ती म्हणाली, "आलेच, एवढी कड राहिली."

त्याने दार आतून लावलं. मग तिने वर पाहिलं.

"चेहरा लपवलास," तो म्हणाला. "बोट कसं लपवशील? माझंच काम आहे ते."

तिने ओरडायला तोंड उघडलं तोच त्याने तिच्या केसांना धरून कपाळ मशीनवर आपटलं. एकदा, पुन्हा एकदा. खालून टाळ्यांचा आवाज आला. तिच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

"पोरगी कुठंय?"

 त्याने तिचा डावा हात ओढून मशीनच्या सुईखाली धरला आणि पायाने मशीनचं पायडल दाबलं. सुई करंगळीच्या मुळाशी आरपार गेली आणि तिथेच मोडली. ती किंचाळली. खाली ध्वनिक्षेपकातून पाळकांचा आवाज येत होता, ते खोकत होते आणि लोक हसत होते.

"अजून नऊ आहेत," तो म्हणाला. "पोरगी कुठल्या शाळेत आहे ते सांग."

त्याने खिशातून ट्यूबची पट्टी काढून तिच्या गळ्याभोवती टाकली. ती पट्टी बघून तिला कळलं की हा आपल्याला न्यायला आलेला नाही. डोळ्यांपुढे काळोखी यायला लागली, आणि त्या काळोखीत तिला कपाटाच्या कडेने फाटलेली लेकीची भुवई दिसली. उजव्या हाताने ती टेबल चाचपत गेली. इस्त्रीची मूठ हाताला लागली.

तिने इस्त्री मागे, खांद्यावरून, अंदाजाने त्याच्या तोंडावर दाबली. चरचर आवाज झाला. त्याने पट्टी सोडली, पण केस सोडले नाहीत. ती वळली आणि इस्त्रीची कड त्याच्या जबड्यावर मारली, दात पडलेले तिने पाहिले. तो तिच्यावर कोसळला, दोघं मशीनसकट खाली आली. जमिनीवर कापड कापायची मोठी कात्री होती. ती तिने त्याच्या मांडीत खुपसली, काढली, आणि पुन्हा खुपसली. तिसऱ्या वेळी तिने कात्री त्याच्या छातीवर धरली. तो एका डोळ्याने तिच्याकडे बघत होता. दुसरा मिटला होता. तिने कात्री तशीच धरून ठेवली, खाली नेली नाही. का नेली नाही हे तिला कोर्टातही सांगता आलं नाही.

तेवढ्या क्षणात त्याने तिचा हात झटकला, तिला पोटात लाथ घातली आणि लंगडत दार उघडून निघाला. तिला वाटलं, हा आता शाळेत जाणार. ती उठली आणि त्याच्या मागे धावली. जिन्यात तिने त्याचा टी-शर्ट मागून धरला. त्याने तिला जिन्यावरून ओढत खाली आणलं, पायरीगणिक तिची बरगडी आपटत होती, पण मूठ तिने सोडली नाही. खाली लोकांनी वळून पाहिलं तेव्हा त्यांना पिवळा टी-शर्ट घातलेला एक रक्तबंबाळ माणूस आणि त्याच्यामागे फरफटणारी टीपताई दिसली.

"बायको आहे माझी," तो ओरडला. "कुणी मध्ये पडायचं नाही."

पहेलवान मध्ये पडला. तुरुंगातून सुटल्यापासून त्याने कुणावर हात उगारला नव्हता, फक्त आवरलं होतं. त्या दिवशी त्याने नवऱ्याला कमरेतून उचललं आणि काचेच्या दारावर फेकलं. अख्खं दार चिन्हासकट खाली आलं. नवरा काचांमधून उठायला लागला तेव्हा पहेलवानाने त्याचा दंड गुडघ्यावर घेऊन कोपरातून मोडला. हाड मोडल्याचा आवाज सगळ्या मांडवाने ऐकला. "पुरे," पाळक म्हणाले, "पुरे झालं," आणि पहेलवान तिथेच त्याच्या छातीवर बसून राहिला, पोलीस येईपर्यंत.

टीपताई काचांमध्ये बसून एकच म्हणत होती, "शाळेत कुणीतरी जा. शाळेत जा कुणीतरी." डिझायनर धावत गेली आणि लेकीला घेऊन आली, पण मागच्या दाराने, पोरीला काही दिसू नये म्हणून.

नवऱ्याचा एक डोळा गेला. त्याने तक्रार दिली की बायकोने घरून पळून येऊन त्याच्यावर खुनी हल्ला केला. पोलिसांनी टीपताईला दवाखान्यातूनच ताब्यात घेतलं, आणि पहेलवानालाही. वर्तमानपत्रात फोटो आला. फुटलेलं पिवळं दार, रक्त, आणि मागे भिंतीवर तिच्याच हातांचं पोस्टर.

संस्थेच्या बैठकीत खजिनदार म्हणाले, "आपलं नवं रूप लोकांसमोर आलं ते असं. तिला दुसरीकडे हलवणं बरं. तिच्याही भल्याचं आहे, आणि आपल्याही."

"तिला शोधून काढलं कुणी?" पाळकांनी विचारलं.

"त्याने."

"त्याला पत्ता दिला कुणी? आपण. पोस्टरवर छापून. ती मला हो म्हणाली, कारण तिने माझ्यावर विश्वास टाकला. ते बोट बघून मला सुचायला हवं होतं की मोडणाऱ्याला ते ओळखता येईल. तुम्हाला कुणाला हलवायचं असेल तर मला हलवा."

 खजिनदारांनी चष्मा काढून पुसला, आणि थोड्या वेळाने तेच म्हणाले की जामिनासाठी मी स्वतः जातो. ते गेलेही, आणि पोलीस ठाण्याच्या बाकावर दिवसभर ताटकळले.

डिझायनरने शहरभर फिरून पोस्टरं काढली. भिंतीवर चिकटलेली ती खरवडून खरवडून तिची नखं तुटली. ड्रायव्हर आणि हमाल, त्या दिवशी एकमेकांवर धावून गेलेले दोघं, तिच्याबरोबर शिडी घेऊन हिंडले. एका चौकात पोस्टर काढताना कुणीतरी म्हणालं, "नवऱ्याला भोसकणारी हीच ना?" तेव्हा हमालाने त्याच्या कानाखाली वाजवली आणि मग पाळकांना स्वतःच येऊन सांगितलं. टीपताईकडे जाऊन माफी मागायला डिझायनर कितीतरी दिवस धजली नाही. गेली तेव्हा ती नुसती रडायला लागली.

टीपताईच म्हणाली, "तुम्ही लपवते म्हणाला होतात. मीच राहू दे म्हटलं."

"तुम्हाला काय माहीत होतं?"

"तुम्हाला तरी काय माहीत होतं?" टीपताई म्हणाली.  टीपताईचा राग गेला नव्हता, पण तो कुणावर काढायचा हे तिला ठरवता येत नव्हतं, आणि समोर रडणारी ही मुलगी त्या रागाच्या मापाची नव्हती.

दोन्हीकडच्या तक्रारींचा खटला उभा राहिला तेव्हा नवऱ्याच्या बाजूने अख्खं गाव साक्षीला आलं. देवमाणूस, मुंगी मारणार नाही, असं एकेकाने सांगितलं. सासूने शपथेवर सांगितलं की घरात कधी आवाज चढला नाही. मग नणंद उभी राहिली. भावाने मोडक्या हाताला झोळी बांधली होती, उरलेला डोळा तिच्यावर रोखला होता.

"आवाज चढायचा," नणंद म्हणाली. "टीव्हीचा चढायचा. आई चढवायची." आणि मग तिने सगळं सांगितलं. न्हाणीघराचं दार, ट्यूबची पट्टी, कपाट, गळा. वकिलाने तिला विचारलं, मग तेव्हा बोलला का नाहीत? "मी भित्री आहे," ती म्हणाली. "अजूनही भिते. बघा, हात बघा माझे." तिने दोन्ही हात कठड्यावर सगळ्यांना दिसतील असे ठेवले.

टीपताई आणि पहेलवान सुटले. तिच्या जिवावर उठल्याबद्दल नवऱ्याला मोठी शिक्षा झाली. निकाल ऐकून तो धडधाकट हाताने खुर्ची उचलून बहिणीच्या अंगावर धावला, त्याला चार शिपायांनी आडवा पाडला. टीपताईने त्याला जमिनीवर दाबलेला पाहिला. तिला बरं वाटलं, आणि बरं वाटल्याची लाज वाटली नाही. पाळकांना तिने तसं सांगूनही टाकलं. ते म्हणाले, "लाज वाटायला हवी असं मी तरी म्हणणार नाही."

निवाऱ्याचं पिवळं चिन्ह राहिलं. पोस्टरांवर आता फक्त वस्तू असतात, खुर्ची, किल्ली, चपलांची जोडी. काचेच्या जागी लाकडी दार बसलं, आणि टी-शर्ट मागणाऱ्या प्रत्येकाला पहेलवान आधी नाव-गाव विचारतो आणि इथे ओळखीचं माणूस कोण तेही विचारतो. टीपताई शिवणखोलीची प्रमुख झाली. जवळच तिने एक खोली भाड्याने घेतली. तिच्या डाव्या हाताची दोन बोटं नीट मिटत नाहीत, म्हणून ती कापड उजव्या हाताने धरायला शिकली. मागून कुणी खोलीत आलं की ती अजून कात्री उचलते. बायकांना ते माहीत आहे, त्या दारातूनच हाक देतात.

खटल्यानंतर काही दिवसांनी नणंद आली. आईने तिचं सामान रस्त्यावर टाकलं होतं, औषधांच्या दुकानाच्या मालकाने, तो भावाचा मित्र, तिला काढून टाकलं होतं. ओठ फुटला होता. तो कुणी फोडला ते तिने सांगितलं नाही.

"वहिनी, इथे जागा मिळेल का?"

"इथे मिळेल, पण तू इथे राहणार नाहीस," टीपताई म्हणाली. "माझ्याकडे चल. खोली लहान आहे. पोरगी झोपेत लाथा मारते, आधीच सांगून ठेवते."

"तुझ्या नवऱ्याची बहीण आहे मी."

"पोरीची आत्या आहेस."

नणंद शिवणखोलीत कामाला लागली. तिची टीप वाकडी जाते, ती धागा तोडते, सुया मोडते, आणि टीपताई एरवी बोलत नाही पण नणंदेला दिवसभर बोलते. "तुझ्यापेक्षा पहेलवान बरं शिवेल," ती म्हणते, आणि खाली पहेलवान ते ऐकून म्हणतो की माझ्यापुढे सुईचं नावही काढू नका.